आधी फोन न ठेवणारे सर

सरांना फोन करायचा म्हणजे हातातली कामं आधी उरकून घ्यावी लागत. बोलणं दोन मिनिटांत संपे, पण फोन संपत नसे. आपण "बरं सर, ठेवते," म्हटलं की पलीकडून "हं" येई आणि मग नुसती शांतता. सर रिसीव्हर कानाला लावून बसलेले असत. आपण ठेवल्याशिवाय ते ठेवत नसत. त्यांनी कुणाचाच फोन आधी ठेवला नाही. विभागप्रमुखांचा नाही, दूधवाल्याचा नाही आणि चुकून लागलेल्या नंबराचाही नाही.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एकदा माझ्यासमोरच वैतागल्या. "अहो, गॅसवाल्यानं फोन खिशात टाकलाय आणि तो टाक्या उतरवतोय. तुम्ही काय टाक्यांचा आवाज ऐकत बसलात?"

सर रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "सतरा झाल्या. आपली अठरावी असावी."

आमचे कॉलेजातले विभागप्रमुख जुन्या वळणाचे, वडीलधाऱ्यांच्या आधी फोन ठेवणं त्यांना उद्धटपणा वाटे. एका दुपारी त्यांनी सरांना वेळापत्रकातला बदल कळवायला फोन केला. बदल कळवून झाला. "ठेवा सर." "तुम्ही ठेवा." "नाही नाही, तुम्ही ठेवा." आम्ही दाराबाहेर सह्या घ्यायला उभे होतो. शेवटी शिपायानं आत जाऊन विभागप्रमुखांच्या हातातून रिसीव्हर अलगद काढून जागेवर ठेवला, तेव्हा आमच्या सह्या झाल्या.

याच्या जोडीला सरांची एक वही होती. शहराच्या उस्मानपुरा भागातल्या त्यांच्या घरी बैठकीत काळा टेलिफोन होता आणि त्याच्याशेजारी दोऱ्यानं पेन बांधलेली ही वही. प्रत्येक फोन संपला की सर तीत तारीख टाकत आणि पुढे एकच शब्द लिहीत. 'ठेवतो'. 'दूध'. 'शुक्रवारी'. 'बघू'. 'आईला'. आम्ही पोरं एकदा त्यांच्या घरी चहाला गेलो असताना ती वही चोरून वाचली. आमच्यातल्या एकानं छातीठोक सांगितलं की सर परदेशात होते ना, ते गुप्तहेर होते आणि हे सगळे सांकेतिक शब्द आहेत. मला ते खरंही वाटलं होतं. मी तेव्हा नुकतीच पिशोरहून आले होते आणि शहरातलं काहीही मला खरं वाटायचं.

पिशोरला माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, शेळ्या राखतात आणि हंगामात दुसऱ्याच्या रानात कामाला जातात. आई निंदणी-खुरपणीला जाते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. पत्रकारितेच्या वर्गात पहिल्या दिवशी मी शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसले होते. आजूबाजूची मुलं इंग्रजीत हसत होती. इंग्रजीत हसतात हेही मला त्या दिवशीच कळलं.

सर आत आले. ते टेलिफोन खात्यातले निवृत्त अभियंता होते आणि आमच्याकडे संदेशवहनाचा एक पेपर शिकवायला आठवड्यातून दोनदा यायचे. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. हजेरीपत्रक त्यांनी उघडलंच नाही.

"गाव?" त्यांनी मला विचारलं.

"पिशोर, सर."

"तालुका कन्नड. शून्य चोवीस पस्तीस." हा आमच्या तालुक्याचा टेलिफोन कोड. "बस खाली, पस्तीस."

दोन वर्षं मी पस्तीस होते. पैठणची माझी मैत्रीण एकतीस झाली, सिल्लोडचा मुलगा तीस. कोड सरांना जिल्ह्यातलेच नाही, सगळ्या मराठवाड्याचे पाठ होते. शहरातल्या मुलांचा मात्र सगळ्यांचा एकच कोड, त्यामुळे त्यांना वेगळं नाव मिळालं नाही. "चाळीसवाले, गप्प बसा," असं त्यांना एकगठ्ठा म्हटलं जाई. क्रांती चौकातून गाडीवर येणारी एक मुलगी तर रुसून म्हणाली, "सर, आम्हाला पण काहीतरी द्या ना." गावाकडून आल्यामुळे माझ्याकडे काही आहे आणि शहरवाल्यांकडे ते नाही, असं मला आयुष्यात पहिल्यांदा त्या वर्गात वाटलं. त्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी सरांची कायमची ऋणी आहे.

सर पश्चिम आफ्रिकेतल्या एका लहानशा देशात चार वर्षं टेलिफोन एक्स्चेंज बसवायला गेले होते. त्या देशाचं नाव त्यांनी आम्हाला कधीही सांगितलं नाही. विचारलं की म्हणत, "नाव सांगितलं की तुम्ही मोबाइलवर नकाशा काढता, म्हणता 'एवढुसा?' आणि मग ऐकत नाही. आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढा आहे. पुरे." मात्र ते त्या देशाबद्दल 'आमच्याकडं' असं बोलायचे. "आमच्याकडं नदीला भरती येती." आता हे ऐकून पैठणची एकतीस चक्रावून जाई, कारण तिच्या घरामागे गोदावरी आणि तिला काही भरती येत नाही. "आमच्याकडं माणूस वारला की आधी रेडिओला फोन करतात, मग पाहुण्यांना." "आमच्याकडं एका गावात एकच फोन, पण सगळं गाव त्यावर बोलतं." हळूहळू आम्हाला सवय झाली. त्यांच्या बोलण्यात बीड आणि आफ्रिका शेजारी-शेजारीच असायचे.

त्यांची शिकवायची पद्धत अशी. व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन जुने फोन, मध्ये तार आणि एक बॅटरी. एकानं या टोकाला बातमी सांगायची, दुसऱ्यानं त्या टोकाला ऐकून लिहायची आणि परत म्हणून दाखवायची. मग ती लिहिलेली बातमी घेऊन तिसऱ्यानं फाटकाबाहेर जायचं. तिथे चहाची टपरी होती आणि टपरीवाल्याला सगळे मामू म्हणत. मामूंना अक्षरओळख नव्हती. बातमी त्यांना ऐकवायची आणि त्यांना कळली तर पास.

माझी पहिली बातमी मी मोठ्या अभिमानानं ऐकवली: "जलशुद्धीकरण केंद्राच्या कार्यान्वयनास तांत्रिक कारणास्तव विलंब होण्याची शक्यता सूत्रांनी वर्तविली."

मामूंनी चहा गाळता गाळता विचारलं, "मतलब? कल नल को पानी आयेगा के नै?"

"नाही येणार."

"तो वैसाच बोलो ना बाई! इत्ता लंबा कायकू घुमा को लाये?"

मी परत येऊन सरांना सांगितलं. सर एवढे खूश झाले की त्यांनी मामूंचे शब्द फळ्यावर लिहिले आणि आठवडाभर पुसू दिले नाहीत.

एकदा त्यांनी वर्गात विचारलं की कुणाच्या घरी पेपर येतो. बहुतेक हात वर गेले. मी हात अर्धा वर केला.

"पस्तीस, अर्धा का?"

"सर, पेपर येतो. म्हणजे दुकानातून रद्दी येते. अण्णांना वाचता येत नाही. ते त्यात भाकरी बांधतात."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे पेपर रोज त्यांच्या हातात पोचतो. मग अडलं कुठं? शेवटचं एवढंसं अंतर राहिलंय. हातापासून कानापर्यंत."

त्या दिवसापासून मला एकटीला वेगळा गृहपाठ लागला. रोज संध्याकाळी अण्णांना फोन करून एक बातमी सांगायची आणि त्यांनी काय विचारलं ते लिहून आणायचं. सुरुवातीला अण्णांना वाटलं पोरीला परीक्षेत काहीतरी कमी पडलंय. मग त्यांना चटक लागली. ते शेळ्या घेऊन परतताना माझ्या फोनची वाट बघायचे. आणि त्यांचे प्रश्न ठरलेले होते. मी म्हणायची, "अण्णा, मंत्र्यांनी सांगितलं, रस्ता झाला." ते म्हणायचे, "त्यानं बघितला का?" मी म्हणायची, "ते लिहिलं नाही." मग अण्णा म्हणायचे, "आन मंग?" हा 'आन मंग' मी रोज वहीत लिहून आणायची. सर माझी वही तपासून म्हणाले, "तुझे अण्णा मुख्य संपादक आहेत. फक्त त्यांना खुर्ची नाही."

आता ती वहीची आणि फोनची गोष्ट.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी मी पुस्तक परत करायला सरांच्या घरी गेले होते. तेवढ्यात माझ्या भावाचा फोन आला. माझ्या लग्नाचं एक स्थळ आलं होतं आणि तो म्हणत होता, शिक्षण बास झालं. मी चिडले. तो बोलत असतानाच मी फोन कापला आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

सर खुर्चीतून उठले. मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही ते रागावले नव्हते, पण चेहरा उतरला होता.

"त्याचं पूर्ण झालं होतं का?"

"सर, तो काहीही बोलत होता."

"ते कळलं. पूर्ण झालं होतं का?"

"नाही."

"शेवटचा शब्द कुठला होता?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मला आठवेना. सर खाली बसले. काकू आतून चहा घेऊन आल्या, त्यांनी सरांकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बस गं. आता सांगतील ते. मला एकदाच सांगितलंय."

सरांनी सांगितलं ते मला शक्य तितक्या त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"आमच्याकडं एक रेडिओ होता. सरकारचा नाही, खासगी. दोन खोल्यांचा. तिथं एक बाई रोज सकाळी पेपर सांगायची. पेपर सगळे इंग्रजीत. साहेबलोक वाचणार, बाकीचे त्यात मासळी बांधणार. तुझ्या अण्णांसारखंच. ही बाई तेच पेपर लोकांच्या बोलीत सांगायची. आपलं एक अक्षर घालायची नाही. जे छापलंय ते. पण असं सांगायची की बाजारातल्या मासळीवाल्या वजन करायच्या थांबायच्या. आता गंमत बघ, पस्तीस. ज्या पेपरात ते छापलं होतं त्या पेपरला कुणी हात लावला नाही. ते छापलेलं चालत होतं. सांगितलेलं चालेना."

"मग?"

"मग कागद आला. माझ्याकडं. त्या रेडिओचा आवाज स्टुडिओतून टॉवरपर्यंत आमच्या टेलिफोनच्या तारेनं जायचा. एक्स्चेंजमध्ये मोठी चौकट असते, तिच्यावर प्रत्येक नंबराची एक बारीक तार या खुंटीवरून त्या खुंटीवर जोडलेली. त्याला जंपर म्हणतात. तो काढला की झालं. हुकूम पक्का होता. शिक्का होता, सही होती. मी पाहुणा माणूस, परमुलुखात. मी म्हटलं, माझा काय संबंध? मी तर तारेचा नोकर. तपासायचा रिसीव्हर लावून बघितलं, तार बरोबर तीच आहे ना. बाईचा आवाज आला. ती बोलत होती. मी रिसीव्हर खाली ठेवला आणि मग तार काढली. आधी ठेवला. आवाज ऐकत ऐकत तार काढायची माझी हिंमत नव्हती."

काकूंनी कप माझ्यापुढे सरकवला. मी चहाला हात लावला नाही.

"दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई एक्स्चेंजला आली. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायलाच पाहिजे होत्या. तिनं विचारलं, 'तार तुम्हीच काढली का?' मी व्हय म्हटलं. तिनं विचारलं, 'मग शेवटचा शब्द कुठला गेला ते सांगा. मला तिथून पुढं सुरू करायचंय.'"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला सांगता आलं नाही. मी ऐकतच नव्हतो. ती बराच वेळ उभी राहिली. तिला वाटलं, मी आठवतोय. मग 'बरं' म्हणाली आणि गेली. पुढं ती घरच्या फोनवरून सांगायला लागली. लोक तिला फोन करायचे, एक जण ऐकायचा, दहा जणांना सांगायचा. त्या घरच्या नंबराबद्दल मला कागद आला नाही आणि मीही कुणाला विचारायला गेलो नाही. माझी मर्दुमकी तेवढीच."

मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "भावाला फोन लाव. त्याचं पूर्ण होऊ दे. मग तुझं सांग. आणि त्याला ठेवू दे आधी."

काळ्या टेलिफोनशेजारच्या वहीतला एकेक शब्द म्हणजे त्या त्या फोनमधला शेवटचा शब्द, हे मला तेव्हा कळलं. मी तिथूनच फोन लावला. भावाचं पूर्ण व्हायला पंधरा मिनिटं लागली, माझं व्हायला दोन. शिक्षण सुटलं नाही.

पदवी झाल्यावर मला क्रांती चौकाजवळ एका लहान केबल वाहिनीत नोकरी लागली. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. त्या दोन खोल्या पाहून मला सरांनी सांगितलेल्या दोन खोल्या आठवल्या. वर्षभरानं मी मालकांच्या मागे लागून सकाळचा अर्धा तास मागून घेतला. दिवसाचे पेपर समोर घ्यायचे आणि गावाकडच्या बोलीत सांगायचे. हे केबलवर दिसे आणि मोबाइलवरही थेट ऐकू येई. अण्णा फोन शर्टाच्या खिशात घालून शेळ्यांमागे ऐकत. सर उस्मानपुऱ्यात ऐकत आणि संपल्यावर मला चुका कळवत. 'पेपर सांगते' एवढंच त्याचं नाव होतं. सहा महिन्यांत लोक रस्त्यात ओळखायला लागले. चेहऱ्यावरून नाही, मी भाजीचा भाव विचारला की आवाजावरून.

एका सकाळी आतल्या पानावर बोटभर मजकूर सापडला. सरकारी भाषेतली जाहीर सूचना. घाटाखालच्या एका वाडीत पिण्याच्या पाण्याची टाकी बांधून पूर्ण झाल्याचं त्यात म्हटलं होतं. ती वाडी मला माहीत होती. अण्णा तिथून शेळ्या नेतात. मी एवढंच सांगितलं, "मंडळी, या वाडीत पाण्याची टाकी झालीय असं छापलंय. वाडीचं कुणी ऐकत असंल तर घराबाहेर या, टाकी दिसती का बघा, आन मला फोन करा."

पाच मिनिटांत फोन वाजला. एक म्हातारबाबा होते.

"बाई, म्या घराच्या माळवदावर हुबा हाय. चारीबी दिशा बघितल्या. टाकी नाय."

"नीट बघा बाबा. मोठी असते, खांबावर."

"आगं बाई, इथून मला कन्नडच्या रस्त्याची यष्टी दिसती. टाकी काय मुंगी हाय का?"

दुसरा फोन एका बाईचा. "ताई, टाकी नाय, पण पाटी हाय. पाटीवर लई छान टाकी काढलेली हाय."

त्या दिवशी केबलवाल्यांचे फोन दुपारपर्यंत वाजत होते. संध्याकाळी मालकांनी बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. त्या कामाचा ठेकेदार आमच्या वाहिनीचा मोठा जाहिरातदार होता आणि मालकांना दोन्ही बाजूंनी घाम फुटला होता.

"ताई, छापलंय ते तू वाच ना. रोज वाच. मी कधी अडवलंय? पण बोट नको दाखवू."

"मी बोट दाखवलं नाही साहेब. मी विचारलं, दिसती का."

"तेच ते. उद्या हा विषय नको."

"उद्या मी कामावर सही करणाऱ्या साहेबांना फोन लावणार आहे, असं लोकांना सांगून बसलेय."

मालकांनी नुसते हात जोडले. मला वाटलं, त्यांनी नाइलाजानं मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी मी बसले. वाडीचा म्हातारबाबा फोनवर होताच. त्याच्याशी बोलून मी म्हणाले, "आता ज्यांनी काम पूर्ण झालं म्हणून लिहून दिलं, त्या साहेबांच्या ऑफिसला मी फोन लावतेय. मी त्यांना एकच विचारणार हाय, की टाकी तुम्ही…" आणि समोरचा लाल दिवा गेला.

काचेपलीकडे आमचे तंत्रज्ञ दादा होते. दोन मुलींचे वडील, रोज माझ्यासाठी पेरू आणणारे. त्यांच्या हातात केबलची पिन होती. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांच्यामागे मालक उभे होते. मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नको, ताई. मला माफ कर." त्यांनी ते खरंच मनापासून म्हटलं.

मी पर्स घेतली. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. दादांना म्हणाले, "दादा, तुमच्यावर माझा राग नाही. फक्त शेवटचा शब्द कुठला गेला, ते सांगा."

दादांनी वर पाहिलं. "ताई… मी हेडफोन काढून ठेवला होता."

त्यांच्या जागी कोण बसलेलं मला दिसलं, ते मी त्यांना कसं सांगणार?

खाली रस्त्यावर येऊन, रिक्षांच्या गोंगाटात एक कान दाबून धरून, मी सरांना फोन लावला. मला रडू येत होतं. नोकरी गेली होती, पण त्याहून जास्त हे की म्हातारबाबा अजून माळवदावर उभा असेल आणि त्याला वाटेल, बाईनं फोन ठेवला.

एकच घंटी वाजली आणि सरांनी उचलला. मी 'हॅलो' म्हणायच्या आधीच ते बोलले.

"'टाकी' पूर्ण गेला. 'तुम्ही' यातला 'तु' गेला, 'म्ही' नाही. मी लिहून ठेवलंय."

मी रस्त्यातच उभी राहिले.

"पस्तीस, ऐकू येतंय का? रडायचं असेल तर रडून घे, मी आहे फोनवर. मग उद्या दहा वाजता घरी ये. 'तुम्ही'पासून सुरू करायचंय."

मला ती नोकरी परत मिळाली नाही. मी ती मागायलाही गेले नाही. आज मी जे करते ते दुसऱ्या दिवशी सरांच्या बैठकीत सुरू झालं.

दहा वाजता गेले तेव्हा सरांनी त्या काळ्या टेलिफोनला वर्गातल्या जुन्या फोनचा छोटा स्पीकर जोडून ठेवला होता. खिशात स्क्रू-ड्रायव्हर होता आणि चेहरा चाळिशीतल्या माणसासारखा दिसत होता. काकूंनी दाराची बेल काढून ठेवली होती, मध्येच वाजू नये म्हणून. माझ्या मोबाइलवरून मी एका वेळी पाच जणांना जोडून घेतलं. वाडीचा म्हातारबाबा, पाटीवाली बाई, पिशोरचा हॉटेलवाला, पैठणहून एकतीस आणि अण्णा. प्रत्येकानं फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता. म्हातारबाबाभोवती तर अख्खी वाडी होती. शेळ्यांची घंटा आणि हॉटेलातल्या कपबशा एकदमच ऐकू येत होत्या.

"मोठा स्टुडिओ झालाय," सर म्हणाले. "लाव."

मी काळ्या फोनवरून साहेबांच्या ऑफिसचा नंबर फिरवला. त्यांनी स्वतःच उचलला. मी नाव सांगितलं. "साहेब, माझ्यासोबत पाच ठिकाणचे लोक ऐकतायत, हे आधी सांगते. काल माझा प्रश्न अर्धा राहिला होता." मग मी एक श्वास घेतला आणि जिथं तुटलं होतं तिथून सुरू केलं. "…तुम्ही स्वतः बघितली का?"

पलीकडे काहीच नाही. नुसता पंख्याचा आवाज.

वर्षानुवर्षं ज्या शांततेला आम्ही हसलो, ती आता माझ्या कानाशी होती. मला वाटलं, काहीतरी बोलावं, प्रश्न सोपा करावा, निदान 'बरं साहेब, ठेवते' म्हणावं. लहानपणापासून साहेबांपुढे हेच तर करत आलो. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही अशी. बोट ओठावर ठेवलं. आम्ही दोघं थांबलो. काकू थांबल्या. वाडी थांबली.

मग माझ्या मोबाइलमधून, शेळ्यांच्या घंटेमागून, आवाज आला.

"आन मंग?"

"कोण… कोण बोलतंय?" साहेबांनी विचारलं.

"म्या हाय, साहेब. पोरीचा बाप. रानात हाय. तुमचं ऐकायलोय, बोला की."

हॉटेलात कुणीतरी हसलं. म्हातारबाबा ओरडला, "म्या बी हाय!"

साहेबांनी घसा खाकरला. आणि मग, अगदी साध्या आवाजात, जणू घरचं कुणी विचारतंय अशा आवाजात, ते म्हणाले, "नाही बघितली. उद्या सकाळी येतो मी. वाडीवर येतो बघायला."

मी आभार मानले. कुणीच फोन ठेवला नाही. साहेबांना बहुतेक वाटलं असेल, अजून काही बाकी आहे. थोड्या वेळानं खट् असा आवाज आला. आधी त्यांनी ठेवला.

सरांनी माझ्या हातून रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला. वही पुढे ओढली, दोऱ्याचं पेन घेतलं, तारीख टाकली आणि पुढे लिहिलं: 'बघायला'.

पुढे सर वारल्यावर काकूंनी ती वही मला दिली. तिची बरीच पानं कोरी होती. रोज सकाळी पाच गावांना फोनवर पेपर सांगून झाला की मी थांबते, सगळ्यांना ठेवू देते, आणि त्यातलं एक पान पुढे भरते.